टाकी उघडणारा उत्पादक

२०१९ चा ई-सिगारेटबंदीचा कायदा सावकाश वाचला तर एक गंमत लक्षात येते. ओढणाऱ्याला त्यात शिक्षा लिहिलेली नाही. विकणाऱ्याला आहे, बाहेरून आणणाऱ्याला आहे, साठवणाऱ्याला आहे, जाहिरात करणाऱ्याला आहे आणि बनवणाऱ्याला आहे. बनवण्यात कायद्यानं जोडणीही धरली आहे. सबंध उपकरणाचीच नव्हे, त्याच्या कुठल्याही भागाची. साठवणाऱ्याची शिक्षा थोडी कमी; बाकीच्यांना पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर पाच लाखांपर्यंत दंड.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारे आमचे मामा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. पंख्याच्या वाइंडिंगपासून पेटीच्या भात्यापर्यंत काहीही त्यांच्या टेबलावर दुरुस्त होतं. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा मे महिन्यात गळकी ई-सिगारेट घेऊन त्यांच्याकडे आला, आणि मामांनी ती उघडली. माझी ताई छातीरोगांची डॉक्टर. ती नेमकी त्याच वेळी भेटायला आलेली. पुढं जे झालं ते मी आठवून, थोडं नीटनेटकं करून लिहितोय. वाद दोघांचा, शेरे माझे.

आधी ती वस्तू. बोटभर लांबीची धातूची नळी, तिच्यात लिथियमचा सेल. वर आट्यांनी बसणारी पारदर्शक प्लास्टिकची टाकी, अर्धा चमचा द्रव मावेल एवढी. टाकीच्या मधोमध बारीक नळकांडं आणि त्याच्या बुडाशी कॉईल, म्हणजे तारेचे पाच-सहा वेढे आणि त्यांतून ओवलेली कापसाची वात. मामांनी चिमट्यानं वात बाहेर काढली. कडेला पांढरी, आत तपकिरी, आणि तार टेकली होती तिथं काळी कुळकुळीत. खोलीत जळक्या साखरेचा वास पसरला. टाकीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर होती.

मामा: चीर कशानं पडली सांग बघू. पाडली नाही, आपटली नाही. हा पठ्ठ्या दालचिनीच्या चवीचं लिक्विड भरत होता. दालचिनीचा, लिंबा-संत्र्याचा अर्क काही प्लास्टिकला तडे पाडतो. परदेशात पहिल्या टाक्या अशाच फुटल्या, म्हणून लोक काचेकडे वळले.

ताई: म्हणजे जे प्लास्टिक फोडतं ते हा छातीत भरत होता.

मामा: संत्र्याची साल थर्माकोलवर पिळून बघ, खड्डा पडतो. म्हणून तू संत्रं सोडलंस का?

ताई: संत्रं मी खाते, मामा. खाल्लेलं आधी जठरातल्या आम्लातून जातं, मग यकृतातून. फुफ्फुसात असलं काही नाही. हवेच्या पिशवीची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ, आणि तिच्या पलीकडं लगेच रक्त. बाटलीवर 'खाण्यायोग्य' लिहिलंय यावर ही मुलं विसंबतात. खाण्यायोग्य आहे, श्वासायोग्य आहे असं कुणी म्हटलंय? बेकरीतला इसेन्स थेंबथेंब घालून बघणारे आहेत. त्यातला तेलकट असला तर ते तेल फुफ्फुसात बसतं आणि न्यूमोनियासारखं दुखणं उभं राहतं.

मामा: मान्य. पण हे त्यांना सांगायचं कुणी? दुकानात विचारावं तर दुकानच नाही. असलं तरी विकणारा पँटच्या खिशातून डबी काढून देतो आणि 'चलेगा' म्हणून पसार होतो.

इथं मामांनी इतिहास काढला, आणि तो त्यांना तोंडपाठ आहे हे बघून मीही चकित झालो. चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली आजच्या ई-सिगारेटची कल्पना मांडली. त्याआधी १९६५ मध्ये हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या अमेरिकनाला तंबाखूविरहित, बिनधुराच्या सिगारेटचं पेटंट मिळालं होतं, पण ते धूळ खात पडलं. होन लिक यांच्यानंतर बाजारात आलेलं यंत्र सिगारेटीच्या आकाराचं होतं, आणि त्यात द्रव टाकीत नसायचा, कार्ट्रिजमध्ये कोंबलेल्या कृत्रिम धाग्यांच्या बोळ्यात भिजवलेला असायचा. दहा-बारा झुरके झाले की बोळा कोरडा पडायचा आणि तोंडात जळका धूर यायचा.

मामा: मग लोकांनी तो बोळा काढून टाकला. कुणी चहाच्या पिशवीचं कापड भरलं, कुणी माशांच्या टाकीतला निळा स्पंज कापून घातला. कुणी इंजेक्शनच्या सिरिंजची नळी कापून तिची टाकी केली आणि कॉईलच्या नळीला भोक पाडून आत बसवली. ब्रिटनमध्ये टॉर्चच्या नळकांड्यात मोठी बॅटरी बसवून लोकांनी नवंच यंत्र उभं केलं. कंपन्या आज जी काचेची टाकी विकतात ती आधी अशा टेबलांवर तयार झाली. कंपनीनं शोधलं आणि लोकांनी वापरलं, असं झालेलं नाही. लोकांनी शोधलं, कंपनीनं छाप मारला.

ताई: माशांच्या टाकीतला स्पंज पाण्यात बसायला बनवलेला असतो, लाल तापलेल्या तारेशेजारी नाही. तुम्हाला यात कल्पकता दिसते. मला दिसतं की कुठल्याही पदार्थाला 'तापल्यावर तुझं काय होतं' हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. भागतंय का, एवढंच बघितलं.

माझ्या मते या फेरीत ताई पुढं गेली. पण मामा विजेवर आले की त्यांना हरवणं कठीण. त्यांनी कागद ओढला.

मामा: पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट. कॉईलचा रोध दीड ओहम असेल तर करंट २.८ अँपिअर, शक्ती जेमतेम १२ वॅट. आता धूर जास्त पाहिजे म्हणून एखादं पोरगं जाड तारेचे वेढे घेऊन रोध ०.१५ वर आणतं. करंट २८ अँपिअर, शक्ती ११७ वॅटच्या वर. डोक्यावरचा हा पंखा ७५ वॅटचा आहे, तो भिंतीतल्या वायरिंगवर चालतो, आणि हा बहाद्दर त्याच्या दीडपट शक्ती बोटभर सेलमधून ओढून तोंडाशी धरतो. बहुतेक सेल २८ अँपिअर सतत देण्यासाठी बनवलेलेच नसतात. ओहमचा नियम दहावीच्या पोराला येतो. हे गणित शिकवलं असतं तर सेल फुटले नसते.

ताई: फुटलेत. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये एकेक माणूस यानं मेला. टेक्सासमध्ये तुकडा मानेच्या धमनीत घुसला.

मामा: फ्लोरिडातलं यंत्र कुठल्या जातीचं होतं? ज्यात करंट अडवणारं सर्किटच नसतं, नुसता सेल, बटण आणि कॉईल. म्हणून तर म्हणतो, मोजायला शिकवा. मी या पोराला आधी रोध मोजायला लावला. ०.१८ निघाला. म्हटलं, लेका, तू टाकी नाही, फटाका घेऊन फिरतोयस. ग्वाल्हेरचा मे महिना, ४५-४६ अंश, आणि हा सेल स्कूटरच्या डिकीत.

ग्वाल्हेरच्या हवेचा मुद्दा खरा आहे आणि तो बाहेरच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. या द्रवाचा मुख्य भाग म्हणजे ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल. मे महिन्यात तो पातळ होतो आणि कॉईलच्या भोकांतून गळतो. जानेवारीत पहाटेचं तापमान चार-पाच अंशांवर आलं की तोच द्रव घट्ट होतो, वातीत वेळेवर चढत नाही, आणि कोरडी वात जळते. मग मुलं हिवाळ्यात भोक मोठं करतात आणि उन्हाळ्यात तेच भोक बुजवायला बघतात. टाकी एका हवामानासाठी बनवायची आणि दुसऱ्यात वापरायची, तर जुगाड आलाच.

ताई: कोरडी वात जळते त्याला तुम्ही बिघाड म्हणता. मी त्याला फॉर्माल्डिहाइड म्हणते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या संशोधकांनी मोजलं. ३.३ व्होल्टला सापडलं नाही, ५ व्होल्टला भरपूर सापडलं.

मामा: आणि त्यावर लगेच टीका झाली, तीही सांग. ५ व्होल्टला ते यंत्र इतकं कडू जळकं लागतं की माणूस एका झुरक्यात फेकून देतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रानं ओढलं, माणसानं ओढलं नसतं.

ताई: या काळ्या वातीकडं बघून म्हणा. हा पोरगा फेकत नव्हता, दुरुस्त करायला घेऊन आला होता. चव गेली की गोडवा वाढवायचा, गोडव्यानं कॉईलवर थर धरायचा, थरानं ती जास्त तापायची. शिवाय तार कशाची? निकेल आणि क्रोमियमची. जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०१८ मध्ये रोज ओढणाऱ्यांच्या टाक्या तपासल्या. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते, आणि कॉईलमधून गेल्यावर वाफेत निकेल, क्रोमियम, शिसं वाढलेलं सापडलं. तुमचा मल्टीमीटर ओहम दाखवतो. शिसं दाखवतो का?

मामा गप्प झाले, पण दोन घोट चहापुरतेच. मग त्यांनी जे काढलं ते मला सगळ्या संभाषणातलं सर्वांत वजनदार वाटलं.

मामा: बरं, बंदीचं बोलू. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या सात वर्षं आधी, १ एप्रिल २०१२ ला, आपल्या मध्य प्रदेशानं गुटखा बंद केला. आज आपल्या बाडा चौकातल्या टपरीवर जा. एक पुडी पानमसाल्याची, एक तंबाखूची. गिऱ्हाईक दोन्ही फाडतं, एकात एक ओततं, हलवतं आणि तोंडात टाकतं. गुटख्याचा कारखाना बंद झाला आणि गुटखा तळहातावर बनायला लागला. युरोपानं २०१६ पासून टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी नको म्हटलं. दुकानदारांनी फुगीर काच वेगळी विकायला काढली. गिऱ्हाईक घरी जातं, बारीक काच काढतं, फुगीर बसवतं. बंदी आली की शेवटची जोडणी गिऱ्हाइकाच्या हातात जाते. मग त्या हाताला शिकवायचं नाही हा कुठला शहाणपणा?

ताई: मी बंदीची वकिली करत नाहीये. दहा पावलांवर सिगारेट राजरोस मिळते आणि ही चोरून, याचं समर्थन मला दवाखान्यात कुणी विचारलं तर माझ्याकडं नाही. पण तुमचं 'शिकवा' ऐकलं की भीती वाटते. २०१९ मध्ये अमेरिकेत काय झालं? लोकांनी भरलेल्या, रस्त्यावर विकलेल्या कार्ट्रिजमध्ये घट्टपणासाठी व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट घातलं होतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसं दवाखान्यात गेली किंवा दगावली, त्यांत मृत्यू ६८. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातलं पाणी तपासलं, ४८ जणांत तेच अ‍ॅसिटेट. कातडीला लावायच्या क्रीममध्ये ते निरुपद्रवी असतं.

मामा: ती बहुतेक गांजाच्या अर्काची कार्ट्रिज होती, निकोटिनची नव्हे. नीट सांग.

ताई: नीट सांगते, बहुतेक गांजाचीच. पण भरणाऱ्याची पद्धत तीच. जे मिळालं ते, जे दिसायला बरोबर दिसतं ते. तुम्ही मला सांगा, या पोराच्या बाटलीत ग्लिसरीन आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?

मामा: लेबलवर लिहिलंय.

ताई: मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली बाटलीवर ग्लिसरीनच लिहिलं होतं.

हे वाक्य ती फार हळू बोलली. माझ्या पिढीला ते प्रकरण पुसट आठवतं, मामांच्या पिढीला लख्ख. मेंदूची सूज उतरावी म्हणून रुग्णांना ग्लिसरीन दिलं गेलं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, आणि चौदा माणसं मूत्रपिंडं बंद पडून गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, मंत्र्याला जावं लागलं. डायएथिलीन ग्लायकॉल रंगहीन, किंचित गोड, घट्टसर. ग्लिसरीनशेजारी ठेवलं तर डोळ्याला, जिभेला फरक कळत नाही. २०२५ च्या शरदात आपल्याच राज्यातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं वीसहून जास्त मुलं दगावली, तेव्हा तमिळनाडूतल्या तपासणीत त्या औषधात तेच सापडलं, ४८.६ टक्के. आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं ई-सिगारेटची कार्ट्रिज तपासली तेव्हा एकीत सुमारे एक टक्का तेच होतं.

मामा: पण बाई, जे. जे. चं ग्लिसरीन घरी बनवलेलं नव्हतं. छिंदवाड्याचं औषध परवान्याच्या कारखान्यातलं होतं. म्हणजे परवाना असूनही माणसं मेलीच ना? मग घरच्याला एवढं का झोडपतेस?

ताई: कारण त्या बाटल्यांना बॅच नंबर होता, मामा. पुरवठादार सापडला, माल परत बोलावला गेला, आयोग बसला. या पोराच्या फुफ्फुसाला उद्या काही झालं तर मी कुठली बाटली शोधू? ती कुणी भरली? कुणाला फोन करून सांगू की बाकीचा माल थांबवा?

मामांकडं याला उत्तर नव्हतं, आणि नाही हे त्यांनी लपवलंही नाही. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, टोपण लावलं. वातीचा रोध, सेलचा करंट, टाकीचा तडा या सगळ्यात त्यांचा हात धरणारा शहरात कमी. पण बाटली त्यांच्या टेबलावर उघडत नाही. माझ्यासाठी वाद तिथंच निकालात निघाला. बंदीबद्दल मामा बरोबर, विजेबद्दल मामा बरोबर, आणि तरीही कौल ताईच्या बाजूनं, कारण विजेला धरून बसलं तरी छातीत जाते ती बाटली.

ते दोघे मात्र थांबले नाहीत.

मामा: ब्रिटनमध्ये मग डॉक्टरच का सांगतात की सिगारेट सोडायला ही घ्या?

ताई: सांगतात, आणि त्याला पुरावा आहे. २०१९ मध्ये तिथं ८८६ जणांवर चाचणी झाली. ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांनी वर्षभरात सिगारेट सोडली, निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या घेतलेल्यांपैकी ९.९ टक्क्यांनी. मात्र ई-सिगारेटनं सोडलेल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. पण ते ब्रिटन. तिथं तंबाखू म्हणजे सिगारेट. आपल्याकडं २०१६-१७ च्या सर्वेक्षणात ओढणारे १०.७ टक्के निघाले आणि चघळणारे २१.४ टक्के. माझ्याकडं ग्वाल्हेर-मुरैना-भिंडहून येणाऱ्या कितीतरी पेशंटचं तोंड पुरतं उघडत नाही. त्यांना टाकी नि कॉईल काय देऊ?

मामा: आणि हा पोरगा?

ताई: हा पोरगा सिगारेट सोडायला ही ओढत नाही. यानं सिगारेट कधी ओढलीच नव्हती. विचारा त्याला.

विचारलं. नव्हती ओढली. होस्टेलमधल्या सीनियरकडं बघून घेतली, धुराची वेटोळी काढता येतात म्हणून. यंत्राचं जास्त आकर्षण की निकोटिनचं, हे त्यालाही सांगता येईना. मामांना ते चटकन कळलं असावं. जयविलास राजवाड्यात चांदीची आगगाडी बघायला ते दर पाहुण्याला घेऊन जातात. जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवरून विजेवर फिरणारी, पाहुण्यांपुढं ब्रँडी नि सिगार नेणारी. आजवर सिगारबद्दल ते एक अक्षर बोललेले नाहीत, फक्त रूळ नि करंट.

मामांनी शेवटी सेल काढून घेतला. टाकी, कॉईल आणि बाटली मुलाला परत दिली नाही. 'मी याचा उत्पादक होणार नाही,' म्हणाले, आणि त्याऐवजी मुलाला जुन्या पेटीचा भाता कसा बसवतात ते बघायला रविवारी बोलावलं. मुलगा आला की नाही मला माहीत नाही. ताईनं त्याला 'निकोटिन च्युइंगगम सुरू करायला माझ्याकडं ये' म्हणून सांगितलं.

१ सप्टेंबर २०१८ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पाकिटांवर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर छापावा लागतो. फोन फुकट आहे. चोरवाटेनं आलेल्या ई-सिगारेटच्या डबीवर तो नसतो, म्हणून इथं देतोय.